भेटीचा आदेश हातात आहे, पण मूल भेटत नाही: काय करावे आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, मुलगा सात वर्षांचा आणि आईकडे. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी वडिलांनी भेटावे असा अंतरिम आदेश आहे. पाच महिन्यांत दहा रविवार आले, भेट झाली दोनदा. एकदा ताप, एकदा परीक्षा, एकदा घरी पाहुणे, आणि आता ‘तोच यायला तयार नाही’. अवमान याचिका (न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दलची) टाकू का, पोलिसांत जाऊ का, पोटगी थांबवू का, असे वडील विचारतात. मूल वडिलांकडे असते आणि आई फाटकाबाहेर ताटकळत असते, तेव्हाही हेच प्रश्न येतात आणि उत्तरेही हीच लागू होतात.

पोटगी थांबवू नका. भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळत नाही म्हणून दुसरी अडवता येत नाही. पैसे थांबवले की पुढच्या तारखेला चर्चा भेटीची न होता तुमच्या थकबाकीची होते. शिवाय पोटगीचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (म्हणजे जुन्या 125 खाली) असेल, तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. हेच उलट बाजूलाही लागू आहे. पोटगी आली नाही म्हणून मूल दाखवायचे नाही, हे कोणतेही न्यायालय मान्य करत नाही.

पोलिसांचे म्हणाल, तर भेटीचा आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो. ठाणे अंमलदार अर्ज घेईल, पोच देईल आणि ‘कोर्टात जा’ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असेल. न्यायालयाने स्वतः पोलीस मदतीचा आदेश दिला तरच ते दारात येतात. तो आदेश मागण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण बाबा आले ते पोलिसांना घेऊन, हे सात वर्षांचे मूल विसरत नाही.

अवमान हे हत्यार खरे, पण ते सर्वात शेवटी. तिथे पोचण्याआधी बरेच काम आहे आणि त्या कामाची सुरुवात तुमच्या आदेशाच्या कागदापासून होते.

आदेशाची नक्कल काढा आणि ती बेलीफाच्या, म्हणजे आदेश अंमलात आणणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या, डोळ्यांनी वाचा. बेलीफाने कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावर, कोणाकडून मूल घेऊन कोणाला द्यायचे, हे त्या कागदावरून कळते का? बहुतेक आदेशांत लिहिलेले असते, ‘अर्जदारास मुलास भेटण्याची वाजवी मुभा राहील’ किंवा ‘उभयतांच्या सोयीने भेट व्हावी’. उभयतांची सोय जुळत असती तर दावाच झाला नसता. असा आदेश मोडता येत नाही, कारण त्यात मोडण्यासारखे काही ठरलेलेच नसते. ‘पहिला व तिसरा रविवार’ एवढेच लिहिले असेल तरी वेळ, जागा आणि सोपवणारी व्यक्ती मोकळी राहते, आणि टाळाटाळ नेमकी त्या मोकळ्या जागेत शिरते.

अंमलात आणता येईल असा मजकूर साधारण असा असतो (अर्जदार म्हणजे भेट मागणारा पालक, जाबदार म्हणजे मूल ज्याच्याकडे आहे तो): ‘अर्जदार दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी 10 वाजता जाबदारांच्या इमारतीच्या मुख्य फाटकापाशी मुलाला ताब्यात घेतील व त्याच दिवशी सायंकाळी 6 वाजता तेथेच परत सोपवतील. जाबदार स्वतः किंवा मुलाची आजी मुलाला घेऊन हजर राहील. 20 मिनिटांपर्यंतचा उशीर दोन्ही बाजूंस माफ राहील. मूल आजारी असल्यास आदल्या रात्री 8 वाजेपर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह कळवावे व बुडालेली भेट लगतच्या रविवारी आपोआप मिळेल. दर बुधवारी सायंकाळी 7 ते 7.15 व्हिडिओ कॉल, जाबदारांच्या फोनवर.’ यातला ‘आपोआप’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. बुडालेल्या भेटीची भरपाई वेगळा अर्ज न करता मिळते हे ठरले, की तापाचे निमित्त काढण्यात फायदा उरत नाही.

सणांचेही नेमके लिहून घ्या. ‘दिवाळीची अर्धी सुट्टी’ एवढे पुरत नाही. शाळेच्या परिपत्रकातील पहिल्या दिवसापासून मोजायचे की लक्ष्मीपूजनापासून, सम वर्षी पूर्वार्ध कोणाचा, भाऊबीज कोणाकडे, गणपतीचा पहिला दिवस कोणाकडे, वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर किती ते किती. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरताना यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल दाखवा. ताबा नसलेल्या पालकाला भेटीखेरीज संपर्काचा हक्कही असावा आणि साधारणपणे रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असे त्यात म्हटले आहे.

आदेश ढोबळ असेल तर आधी तो नेमका करून घेण्याचा अर्ज करा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलण्याची सोय आहे, आणि घटस्फोट झाल्यानंतरही ती राहते. विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलम 38. दावा पालक व पाल्य कायदा, 1890 खाली असेल तर अंतरिम आदेशासाठी कलम 12.

आता नोंदींविषयी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 32 खाली कोणाला दिवाणी कैदेत पाठवायचे किंवा त्याची मालमत्ता जप्त करायची, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरच्याला आदेश पाळण्याची संधी मिळाली होती, आणि त्याने तो जाणूनबुजून पाळला नाही. तुमची सगळी नोंद या दोन मुद्द्यांसाठी असते. ‘ती मला कधीच भेटू देत नाही’ हे वाक्य शपथपत्रात लिहून काहीही सिद्ध होत नाही. वही अशी हवी:

‘7 डिसेंबर, रविवार. 9.50 ला फाटकापाशी. 10.05 मेसेज: खाली थांबलो आहे. 10.12 ला मेसेज वाचल्याची खूण, उत्तर नाही. 10.30 फोन, उचलला नाही. 11 वाजता मेसेज: आजची भेट झाली नाही, पुढच्या रविवारी 10 वाजता येतो. वॉचमनच्या नोंदवहीत येण्याची वेळ 9.50, जाण्याची 11.05.’

एवढेच. रागाचे एकही वाक्य नाही, कारण ही वही आणि ते मेसेज एक दिवस न्यायाधीश वाचणार आहेत. प्रत्येक मेसेज ते वाचत आहेत असे समजूनच पाठवा. ‘तू माझ्या मुलाचे आयुष्य बरबाद करते आहेस’ हा एक मेसेज तुमच्या दहा शांत मेसेजांवर पाणी फिरवतो, आणि समोरचा वकील नेमका तोच उचलून निशाणी (न्यायालयात दाखल केलेला पुरावा) म्हणून लावतो.

आज मूल मिळणार नाही अशी खात्री असली तरी ठरलेल्या वेळी जा. घरी बसून ‘ती नाहीच देणार’ म्हटले, तर समोरच्याला संधी मिळालीच नाही असा युक्तिवाद होतो आणि तो टिकतो. बाहेरगावाहून येत असाल तर तिकिटे जपून ठेवा. खर्च मागताना लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येते. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 14 मुळे पुराव्याचे नियम सैल आहेत हे खरे, पण प्रमाणपत्र जोडलेले असले की वादाला एक जागा कमी होते. मुलाचे मात्र चोरून रेकॉर्डिंग करू नका. ‘सांग, आई तुला काय शिकवते?’ असे विचारून केलेला व्हिडिओ बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्याच अंगाशी येतो.

दोन भेटी लागोपाठ बुडाल्या की थांबू नका. सहा महिने समजुतीने घेऊ म्हणत थांबणे, ही चांगल्या स्वभावाच्या माणसांची सर्वांत मोठी चूक आहे. तेवढ्या काळात मुलाचे जग नव्याने बसते, त्यात तुमची जागा भरून जाते, आणि मग ‘मूल यायला तयार नाही’ हे निमित्त न राहता खरे होते. वकिलामार्फत एक छोटी, सभ्य नोटीस, आठ दिवस वाट, मग अर्ज.

दावा चालू असेल तर त्याच दाव्यात अर्ज करायचा. अर्जात गोष्ट सांगू नका, तक्ता द्या: तारीख, आदेशाप्रमाणे काय व्हायला हवे होते, काय झाले, पुरावा कोणत्या पानावर. दहा ओळींचा तक्ता न्यायाधीश दोन मिनिटांत वाचतात. पंधरा पानी शपथपत्र पुढच्या तारखेवर जाते. मागण्या लहानापासून मोठ्याकडे ठेवा. बुडालेल्या आठ भेटी अमुक तारखांना भरून मिळाव्यात. पुढील तीन महिने मूल न्यायालयातील मुलांच्या कक्षात, समुपदेशकांसमोर सोपवले जावे. आदेशाचा मजकूर वरीलप्रमाणे नेमका करावा. प्रवासखर्च मिळावा. आणि पुन्हा आदेश मोडल्यास ताब्याचा फेरविचार होईल अशी ताकीद रोजनाम्यात (न्यायालयाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत) नोंदवावी. ही शेवटची ओळ पुष्कळदा एकटीच काम करते. पहिल्याच अर्जात ‘ताबा मलाच द्या आणि तिला तुरुंगात टाका’ असे मागितले, की न्यायाधीशांना तुमच्यात मुलाची ओढ न दिसता सूड दिसतो.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळी जागा आहे, इतर शहरांतही कमी-अधिक सोय असते. तिथली भेट कृत्रिम वाटते, तास मोजून मिळतो, शेजारच्या टेबलावर दुसरे कुटुंब असते. तरी काही महिने ती घ्या, कारण कोण किती वाजता आले, मूल आणले की नाही, याची नोंद तिथे त्रयस्थ माणूस करतो. पंधरा तारखांची ती हजेरी तुमच्या दोनशे स्क्रीनशॉटपेक्षा वजनदार असते. समुपदेशकांपुढे जे बोलले जाते ते गोपनीय असते, तेव्हा तिथे वकिली भाषेत बोलू नका, मुलाविषयी बोला.

अंतिम हुकूमनामा झालेला असेल तर मार्ग दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी करायच्या अर्जाचा. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 18 प्रमाणे या न्यायालयाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. तिथे आदेश 21 नियम 32 लागतो. पालक व पाल्य कायद्याचे कलम 45 ही आहे. मूल हजर करण्याचा किंवा परत करण्याचा आदेश मोडल्यास 100 रुपयांपर्यंत दंड, पुढे दिवसाला 10 रुपये, एकूण 500 पर्यंत. हे आकडे 1890 चे आहेत, त्यांचा धाक आज कोणाला वाटत नाही. पण त्याच कलमात मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे, आणि जोर तिच्यात आहे.

अवमानाची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याचिका एक वर्षाच्या आत करावी लागते, खालच्या न्यायालयाच्या अवमानासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो, ‘दरखास्त का केली नाही?’ म्हणून क्रम महत्त्वाचा.

यातून परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच उचलावी. संमतीच्या अटींमध्ये फ्लॅट, दागिने, एकरकमी पोटगी यांना चार पाने मिळतात आणि मुलाला अर्धी ओळ, कारण दोघांनाही एकदाचे सुटायचे असते. त्या कागदात ‘उभय पक्ष न्यायालयास अशी हमी देतात की...’ हे शब्द घाला. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा कायद्याच्या व्याख्येतच दिवाणी अवमान आहे. आपसांत केलेला करार मोडला तर वाट लांबची होते.

आता ‘तोच यायला तयार नाही’. हे सगळ्यांत अवघड आहे आणि कायद्याच्या कलमांनी सुटत नाही. सात वर्षांचे मूल फाटकापाशी आईचा पदर धरून रडते, तेव्हा ते खोटे रडत नसते. ज्याच्याकडे आपण राहतो, जेवतो, झोपतो, त्याचा चेहरा रविवारी सकाळी कसा बदलतो हे त्याने पाहिलेले असते. बाबांबरोबर जाणे म्हणजे आईला दुखावणे, हे त्याला कोणी न शिकवताही कळते. पुष्कळदा कोपऱ्यावरून वळले, घर दिसेनासे झाले, की दहा मिनिटांत ते हसायला लागते, आणि परतताना फाटक जवळ आले की पुन्हा गप्प होते. यात ना तुमचा द्वेष असतो ना आईचा कट. मूल दोघांनाही सांभाळत असते.

पढवणे वेगळे असते आणि ते शब्दांतून ओळखू येते. मुलाच्या तोंडी ‘पोटगी’, ‘तारीख’, ‘तुम्ही आम्हाला फसवले’ असे मोठ्यांचे शब्द येतात, पण काय झाले म्हणून विचारले तर एकही प्रसंग सांगता येत नाही. खऱ्या भीतीत प्रसंग असतो: खोली, वेळ, हातातली वस्तू, आवाज. हा फरक आई-वडिलांनी परस्पर ठरवायचा नसतो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 12 खाली न्यायालयाला मानसतज्ज्ञाची मदत घेता येते, ती मागा. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह प्रकरणात मूल एका पालकापासून तोडले जाण्याची दखल घेऊन, मुलगी वडिलांकडेच राहायचे म्हणत असतानाही ताबा आईकडे दिला. मात्र 2024 च्या कर्नल रमणीश पाल सिंह प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले, की मूल एका पालकाला नको म्हणते एवढ्यावरून ‘पढवले’ असा शिक्का मारू नये. पालकाच्या वागण्याचे नेमके प्रसंग दाखवा. तेव्हा अर्जात ‘पॅरेंटल एलियनेशन’ (मूल एका पालकापासून तोडणे) हा शब्द वीस वेळा लिहिण्यापेक्षा तीन प्रसंग तारखांसह लिहा.

मूल तुटलेले असेल तर आठ तासांची भेट मागू नका. पहिले चार-पाच वेळा दोन तास, ओळखीच्या बागेत. सोपवताना आजी किंवा मावशी असेल तर बरे, दोन्ही पालक समोरासमोर येत नाहीत. महागडा टॅब्लेट नेऊ नका. तो घरी गेल्यावर भांडणाचे कारण होतो. खडू, पतंग, तुम्ही दोघे पूर्वी खेळायचात तो खेळ न्या. पहिली वीस मिनिटे मूल बोलणार नाही, तेव्हा प्रश्न न विचारता शेजारी बसून चित्र काढा. आईविषयी एकही प्रश्न नाही, कोर्टाविषयी एकही वाक्य नाही, रडत मिठी मारणे नाही. आणि ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी परत पोचा. हे पाच-सहा वेळा झाले की मुलाची अर्धी भीती जाते, कारण बाबांकडे गेलो तरी घरी परत येतो हे त्याला कळते.

आणि मूल अडवणारे तुम्हीच असाल, आणि कारण खरे असेल, तर? दारू पिऊन गाडी चालवणे, मारहाण, लैंगिक अत्याचाराची शंका. अशा वेळी मूल पाठवू नका असे कोणीही म्हणेल, पण गप्प बसून भेटी बुडवू नका. त्याच आठवड्यात आदेश स्थगित करण्याचा किंवा देखरेखीखालील भेटीचा अर्ज करा, डॉक्टरांचे कागद जोडा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली, भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे वाटल्यास न्यायदंडाधिकारी ती नाकारतात. अर्ज न करता सहा महिने अडवले आणि मग आरोप केला, तर खरा आरोपही संशयाने ऐकला जातो, आणि त्याची किंमत मूल मोजते.

परदेशाचा धोका असेल, एक पालक दुबईला किंवा अमेरिकेला निघाला असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, असा आदेश आताच मागा. मुलांच्या परत पाठवणीबाबतच्या 1980 च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे मूल गेल्यावरची लढाई फार लांब होते.

सुट्टीचे वेळापत्रक विसरू नका. मे महिन्यातल्या भेटीसाठी मे महिन्यात अर्ज करणारे दर वर्षी असतात. तोवर न्यायालयालाही सुट्टी लागलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्ज मार्चमध्ये द्या, दिवाळीचा गणपती उठल्याबरोबर. सोबत शाळेच्या सुट्ट्यांचे परिपत्रक जोडा. शाळा देत नसेल तर पालक म्हणून ते तुम्हालाही द्यावे असा आदेश त्याच अर्जात मागा.